ज्ञानकोशाचे नवे लेखक

ज्ञानकोश हे एकट्याचे काम नव्हे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सहकाऱ्यांना हाताशी धरून तडीस नेले. त्याच कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि ज्ञानकोशाचे दार सर्वांस खुले झाले. मात्र तेथे विधानास प्रकाशित आधार लागतो. आजोबांची आठवण पुरत नाही. आदिलाबादकर मराठी नवोदिताची खरी अडचण हीच. १९५६ साली किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले. आम्ही येथेच राहिलो. निजामी दप्तर उर्दूत, पुढचे तेलुगूत. ते वाचणारे आम्ही आता वृद्ध झालो.

तेव्हा नवोदितास कोरडा उपदेश न करता जुने गॅझेटियर व जनगणनेच्या पुस्तिका दाखवाव्यात, उर्दू नोंद वाचून द्यावी. २०१६ साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आपल्या गावाचा जिल्हा नोंदीत बरोबर आहे का, एवढ्यापासूनच आरंभ करवावा. कोणी मजकूर खोडला तर न रुसता चर्चापानावर आधार मांडावा, हेही शिकवावे. आमच्या आठवणींना आधाराची जोड मिळाली, तरच त्या आमच्या मागे उरतील.