सीटचे माप

आपल्या जुन्या पोशाखाची नावे ओळीने उच्चारून पाहिली, तर त्यांत अंगाच्या मापाचा उल्लेख जवळजवळ कोठेच आढळत नाही. लुगडे नऊवारी, म्हणजे नऊ वार लांबीचे. ते कृश नववधू नेसली काय किंवा चार लेकरांची आई नेसली काय, वार नऊचे नऊच राहतात आणि देहाचा हिशेब निऱ्यांत व कासोट्यात रोज नव्याने होतो. धोतराचीही तीच गोष्ट. कटीचा व नितंबांचा घेर हा जो भाग आज शिवणकामात सर्वांत नाजूक समजला जातो, त्याचे माप घेण्याची आवश्यकता या नेसत्या वस्त्रांनी शतकानुशतके उद्भवूच दिली नाही.

याचा अर्थ आपल्याकडे शिंपी नव्हता असा मुळीच नव्हे. गावगाड्यातील अलुतेदारांत त्याची गणना होत असे, आणि शिंपी कुळात जन्मलेल्या नामदेवांच्या पदांतून गज, कात्री, सुई व दोरा ही त्यांच्या घरची हत्यारे भक्तीची रूपके होऊन आली आहेत. परंतु हा गज कापड मोजणारा होता. चोवीस तसूंचा गज आणि ‘अर्थशास्त्र’ या प्राचीन ग्रंथातील चोवीस अंगुळांचा हस्त, ही दोन्ही परिमाणे माणसाच्या हाताबोटांवरून निघाली असली, तरी ती माणसाभोवती गुंडाळण्यासाठी नव्हती. वरच्या अंगाचे कपडे बंदांनी आवळले जात. बाराबंदीचे तर नावच तिच्या बारा बंदांवरून पडले. खालच्या अंगासाठी फारसी अमदानीबरोबर विजार, तुमान, सुरवार, पायजमा हे शब्द आणि ते कपडेही आले; पण त्या सर्वांना नाडी होती, आणि ज्या वस्त्रास नाडी आहे त्याचा बैठकीचा भाग ऐसपैस बेतून ठेवला की उरलेले काम चुण्या करीत.

खरी अडचण उभी केली ती पाटलोणीने. तिला नाडी नाही, चुण्या नाहीत; कमरेवर गुंडी लागली की तेथून मांडीपर्यंतचे कापड देहावर सपाट बसले पाहिजे, आणि ते तसे बसूनही धारण करणाऱ्यास खाली बसता आले पाहिजे. युरोपातील शिंप्यांनी हा प्रश्न फार सायासाने सोडविला होता. गार्सो या फ्रेंच ग्रंथकाराने १७६९ साली शिंपीकामावर लिहिलेल्या पुस्तकात त्या काळची रीत वर्णिली आहे: प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी घ्यावयाची, ती अंगाभोवती फिरवून जेथे जेथे माप संपेल तेथे कात्रीने खाच पाडावयाची, आणि ती पट्टी त्या माणसाच्या नावाने जपून ठेवावयाची. त्या पट्टीवर आकडा नसे. इंचांच्या खुणा असलेली फीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आली, आणि १८३४ साली लंडनमध्ये वाम्पेन नावाच्या जर्मन गणितज्ञाने मनुष्यदेहाच्या प्रमाणांवरून कपडे बेतण्याचे शास्त्रच मांडले. खाचांच्या जागी आकडे आले आणि एकाचे माप दुसऱ्याच्या मापाशी ताडून पाहणे शक्य झाले, हा मला या सर्व इतिहासातील मोठा पालट वाटतो.

तो आकडा कसा काढावा, हे मी लहानपणी आमच्या वाड्याच्या ओटीवर बसणाऱ्या शिंप्याकडे पाहून शिकलो. कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर), मांडी, मोरी (म्हणजे पायाच्या टोकाचा घेर), लांबी असा त्याच्या वहीतील अनुक्रम ठरलेला असे. परंतु इतर मापे तो एका दमात घेई आणि सीटपाशी थांबे. आधी खिसे रिकामे करावयास सांगे. टाचा जुळवून उभे करी. मग फीत कमरेपासून सात ते नऊ इंच खाली नेऊन थोडी वर, थोडी खाली सरकवीत घेराचा सर्वांत भरलेला भाग शोधी, आणि ती पाठीमागे बोटभरही लोंबकळू नये म्हणून स्वतः वाकून बाजूने पाही. फितीच्या आत दोन बोटे घालून ती सहज फिरतात याची खात्री झाली की मगच आकडा बोले. त्यानंतर गिऱ्हाइकाला बाकावर बसवून तेच माप पुन्हा घेई, कारण बसल्यावर तो घेर इंच-दोन इंचांनी वाढतो. सीटच्या तिसऱ्या हिश्शावरून आसनाची खोली काढावयाची असल्याने येथे झालेली चूक मांडीत, चालण्यात आणि बसण्यात सर्वत्र उमटते, हे तो पोराटोरांनाही समजावून सांगे.

स्त्रियांचे माप हा निराळा प्रांत होता. परपुरुषाने अंगाला फीत लावावी हे रुचण्यासारखे नव्हते, म्हणून मापाची चोळी पाठविण्याची चाल पडली, आणि सलवार-कमीज अंगवळणी पडल्यावर मापाचा ड्रेस त्याच वाटेने जाऊ लागला. चोळी अंगाबरोबर असते, तेथे ही रीत खपून जाते. सलवार-कमीजीच्या सीटमध्ये मात्र सैलपणा आधीच धरलेला असतो. शिंप्याने ते कपड्याचे माप अंगाचे समजून त्यावर आणखी सैलपणा दिला की कपडा पोत्यासारखा होतो. घरोघरच्या स्त्रिया शिवणक्लासला जाऊन एकमेकींची मापे घेऊ लागल्या, तेव्हा हा दोष पुष्कळ अंशी हटला. या क्लासांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

तयार कपड्यांनी मात्र हे सारे पुन्हा परक्या आकड्यांवर नेऊन ठेवले. अमेरिकेत १९३९-४० साली ओब्रायन व शेल्टन या संशोधकांनी तयार कपड्यांचे आकडे ठरविण्यासाठी सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची पन्नासांहून अधिक, मापे घेतली. परंतु त्यांनी हिशेबात धरले ते केवळ श्वेतवर्णीय स्त्रियांनाच. अशा परक्या आकड्यांवर बेतलेला, कमरेला बसणारा कपडा सीटला अडतो आणि सीटला बसणारा कमरेवर झुलतो, ही तक्रार आपल्या घरांत नित्य ऐकू येते, आणि तिचा दोष आपण उगीच आपल्या देहाला देतो. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, कापड मीटरने विकले जाऊ लागले, तरी आपला शिंपी अंग मोजतो ते अद्याप इंचांतच.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात. आमच्या त्या शिंप्याने वडिलांच्या पाटलोणीत मागच्या शिवणीला, सीटपासून कमरेपर्यंत, चांगली दीड इंच माया ठेवली होती. दहा वर्षांत ती दोनदा उसवून सैल केली गेली. उन्हाने विटलेल्या खाकी कापडात मधोमध मूळ रंगाची एक गडद पट्टी, आणि तिच्या कडेला जुन्या शिवणीच्या सुईची बारीक छिद्रे ओळीने दिसत असत.