लेमुरियाची कुळकथा

मादागास्करच्या जंगलांत लेमूर उदंड, पण समोरच्या आफ्रिकेत औषधालाही नाही. त्यांच्या गोतावळ्यातला लोरिस मात्र महासागरापलीकडे, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सापडतो. हे कसं? १८६४ साली फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने उत्तर दिलं : हिंदी महासागरात एकेकाळी सलग भूमी होती, ती बुडाली. लेमूरवरून त्याने तिचं नाव ठेवलं लेमुरिया.

कोडं पडलं की खंड बुडवायचा, ही रीत डार्विनला मान्य नव्हती. त्याने आधीच ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात घालून पाहिल्या होत्या. २८ दिवसांनीही त्यांतल्या ६४ प्रकारच्या रुजल्या. बदकाचे पाय त्याने पाण्याच्या टाकीत टांगले, तर नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी त्यांना चिकटल्या आणि बाहेरच्या दमट हवेत बारा ते वीस तास तगल्या. म्हणजे पाणी ओलांडता येतं. मला हे प्रयोग फार मोलाचे वाटतात, कारण इतरांनी नकाशावर रेघा ओढल्या, त्याने करून पाहिलं. बेडकांचं मात्र वेगळं, हेही त्यानेच नोंदवलं : खाऱ्या पाण्यात बेडूक मरतो, त्याची अंडीही.

१९१२ साली आल्फ्रेड वेगेनरने तिसराच विचार मांडला. जमीन बुडाली नाही, सरकली. तो सर्वमान्य व्हायला १९६०चं दशक उजाडलं आणि लेमुरियाची गरज संपली.

गंमत अशी की लेमूरचं कोडं खंड सरकण्यानेही सुटत नाही. भारत मादागास्करपासून तुटला सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी. लेमूरचे पूर्वज तिथे पोचले त्यानंतर फार उशिरा. ते आफ्रिकेतून, सुमारे ४०० किलोमीटरची सामुद्रधुनी उन्मळलेल्या झाडांच्या तराफ्यावर ओलांडून आले असावेत, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. अशक्य वाटतं? १९९५ साली वादळांनंतर कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटावर ओंडक्यांच्या अशाच तराफ्यावरून हिरवे इग्वाना उतरलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पूर्वी ते त्या बेटावर नव्हते.

खंड सरकल्याचा खरा साक्षीदार एक बेडूक आहे. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाईट यांनी २००३ साली केरळातल्या जांभळ्या, टोकदार नाकाच्या बेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. वर्षभर जमिनीखाली राहणारा हा प्राणी विणीसाठी पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस वर येतो. त्याच्या कुळाचे सर्वांत जवळचे नातलग भारतात नाहीत, सेशेल्स बेटांवर आहेत. आणि त्या बेटांचा ग्रॅनाइट एकेकाळी भारताच्या भूमीला जोडलेला होता.