उचल: कासूच्या पट्ट्यातली वीट आणि जबाबदारी कुणाची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टी इथे नीट मांडल्या आहेत.

आजचा विषय एक शब्द आहे: उचल. ऑफिसात आपण पगारातून ॲडव्हान्स घेतो, तो पुढच्या दोन महिन्यांत कापला जातो आणि विषय संपतो. पण पनवेल-रोहा लाईनवर पेण आणि नागोठण्याच्या मध्ये कासू नावाचं छोटं स्टेशन आहे. त्या पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांवर उचल म्हणजे पुढच्या सहा-सात महिन्यांचा मालक कोण, हे ठरवणारी रक्कम.

बांगलादेशातले कपडे कारखाने, काँगोतल्या कोबाल्टच्या खाणी यांवर आपण भरपूर व्हिडिओ बघतो. गरीब देशातली राबणूक म्हटलं की डोळ्यासमोर दूरचं काहीतरी येतं. आपल्याकडे तीच गोष्ट दिव्याहून सुटणाऱ्या रोहा गाडीच्या खिडकीतून दिसते, फक्त तिच्याकडे बघायची सवय नसते. म्हणून आज सुरुवात इथूनच.

आधी थोडा इतिहास. कातकरी हे नाव काथावरून आलं. खैराच्या झाडाचा गाभा उकळून काथ काढायचा, तो विकायचा किंवा धान्याच्या बदल्यात द्यायचा, हा त्यांचा मूळ धंदा. म्हणजे जंगल हाच कारखाना आणि जंगल हेच भांडवल. 1878 च्या वनकायद्यानंतर जंगलं सरकारी राखीव होत गेली. खैर तोडणं, दळीची शेती करणं, दोन्हींवर बंधनं आली. ज्याच्या हातात हुन्नर होता तो रातोरात फक्त मजूर झाला. मग ठेकेदारासाठी लाकूड तोडणं आणि कोळसा पाडणं सुरू झालं. तो कोळसा जळायचा शहरांतल्या चुलींत.

दुसरीकडे जमीन. आपला रायगड, म्हणजे 1981 पर्यंतचा कुलाबा जिल्हा, खोतीच्या मुलखात येतो. कूळ शेत कसायचं आणि पिकातला मोठा वाटा खोताच्या कोठारात जायचा. त्याविरुद्ध 1933 मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीला शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढे होते. लोकांनी शेतं पड ठेवली, उपास काढले, आणि संप 1939 पर्यंत, तब्बल सहा वर्षं चालवला. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे 1939 चा कूळ कायदा, 1948 चा कूळ कायदा, 1949 चा खोती निर्मूलन कायदा, असं एकेक पाऊल पडलं.

ही आपल्या जिल्ह्याची अभिमानाची गोष्ट आहे आणि असायलाच हवी. पण तिच्यात एक बारीक अट लपलेली आहे. जमीन मिळाली ती ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं त्याला. कातकरी बहुतेक ठिकाणी कूळ नव्हताच. तो कुळाच्याही शेतावर राबणारा गडी होता. कागदावर नाव नाही, त्यामुळे कायद्याचा लाभही नाही. कित्येक वाड्यांची घरंसुद्धा आजवर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी आहेत. मालकाने ‘ऊठ’ म्हटलं तर जायचं कुठे, हा प्रश्न ज्याच्या डोक्यावर आहे, तो मजुरीचा दर काय ठरवणार?

आता उचलीकडे येऊ. पावसाळ्यात लावणी उरकली की कातकरी वाडीवर काम नसतं. श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपत येतं, त्यात गौरी-गणपती. नेमका त्याच वेळी मुकादम येतो, रोख पैसे देतो. दिवाळी झाली की ते कुटंब भट्टीवर हजर झालं पाहिजे. कुणी पेण-पनवेलच्या वीटभट्टीवर, कुणी कोळशाच्या भट्ट्यांवर थेट सोलापूर किंवा कर्नाटकात. मजूर म्हणून धरली जाते ती जोडी, नवरा आणि बायको. मुलांची नावं कुठेच नसतात, पण विटा उलटायला आणि रचायला मुलांचे हात असतात.

मी इंजिनीअर आहे, म्हणून हिशेब करून बघतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण रचना खरी आहे. समजा उचल 30,000. दर हजार विटांमागे 600 रुपये. जोडीने रोज हजार विटा पाडल्या, दीडशे दिवस काम झालं, तर दीड लाख विटा आणि 90,000 रुपये. दर आठवड्याला मीठ-मिरचीसाठी 2,000 रुपये खर्ची मिळते. सव्वीस आठवड्यांचे झाले 52,000. उचल धरून 82,000 आधीच हातात आले. म्हणजे शेठकडून 8,000 येणं निघालं पाहिजे. पण विटा मोजतो शेठ. फुटक्या, वाकड्या, अवकाळी पावसात विरघळलेल्या म्हणून दहा टक्के वजा केल्या, की मजुरी राहिली 81,000. जोडीच्या अंगावर हजार रुपये बाकी! आता पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यावं लागणार. मध्ये कुणी आजारी पडलं, लग्न निघालं, तर बाकी आणखी वाढणार.

बघा, इथे कुणी चाबूक मारला नाही, साखळी बांधली नाही. पाऊस पडला तर नुकसान मजुराचं, आणि मोजणीची वही मालकाची, एवढी दोनच कलमं पुरतात.

याचा जुना अवतार उत्तर कोकणात होता, लग्नगडी. लग्नासाठी पैसे घ्यायचे आणि फेडण्यासाठी सावकाराच्या घरी-शेतावर गडी म्हणून राबायचं. कर्ज किरकोळ, राबणं जन्मभर. वसई भागात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1982 च्या सुमाराला श्रमजीवी संघटना उभी केली, ती याच वेठबिगारांना सोडवताना. तेव्हा कायदा होऊन सहा-सात वर्षं झाली होती. 25 ऑक्टोबर 1975 पासून वेठबिगारी देशभर रद्द झाली आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने असलं सगळं कर्ज एका फटक्यात बुडीत ठरवलं. पण शिक्षा काय? जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड. तो दंडाचा आकडा आज वाचताना हसू येतं, आणि मग येत नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उचल देणं हा गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करायचं, वाटेल तिथे जायचं किंवा बाजारभावाने मजुरी मिळवायचं स्वातंत्र्य गेलं, की ती वेठबिगारी होते.

मग जबाबदार कोण? मुकादम म्हणतो, मी नुसता माणसं आणतो. शेठ म्हणतो, बिल्डर दर वाढवून देत नाही. बिल्डर म्हणतो, मी विटा सप्लायरकडून घेतो, भट्टीवर काय चालतं मला काय माहीत. घर घेणारा म्हणतो, मी तर वीस वर्षांचा हप्ता भरतोय. प्रत्येकाचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि सगळी मिळून एक सोयीस्कर पळवाट तयार होते.

या पळवाटेवर आपल्या सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी बोट ठेवलंय. 1982 च्या दिल्ली एशियाडची बांधकामं चालू होती. रोजची किमान मजुरी होती सव्वानऊ रुपये. जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून कापायचा, मजुराच्या हातात सव्वाआठ. सरकार म्हणालं, मजूर ठेकेदाराचे आहेत. 18 सप्टेंबर 1982 च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने ते ऐकून घेतलं नाही. काम ज्याचं, जबाबदारीही त्याची. मधे ठेकेदार घातला म्हणून ती संपत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट त्या निकालात आहे. पोटासाठी दुसरा मार्गच नाही म्हणून माणूस किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तीही घटनेच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरी. भूक हीसुद्धा जबरदस्ती आहे.

‘ते तर स्वतःहून जातात ना?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हो, स्वतःच्या पायांनी जातात. पण वाडीवर दुसरं काम आणि घराखाली स्वतःची जमीन असती तर गेले असते का, ते विचारा.

आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगतो. आपलं ॲप दुसऱ्याच्या लायब्ररीवर उभं असतं. ती लायब्ररी फुटली आणि लोकांचे पैसे अडकले, तर ग्राहकाला ‘आमचा कोड बरोबर होता’ सांगून चालत नाही. काय वापरतोय हे तपासणं आपलंच काम असतं. बांगलादेशात 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. तिथे शिवलेले कपडे परदेशी ब्रँडचे होते, कारखाने त्यांचे नव्हते. तरी त्यानंतर दोनशेच्या वर ब्रँडनी कारखान्यांच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार केला. कपड्याच्या साखळीत जे काही प्रमाणात जमलं, ते विटेच्या साखळीत का जमू नये? ही तर सगळी एका-दोन जिल्ह्यांत मावणारी साखळी आहे.

आयरिस मॅरियन यंग नावाच्या अमेरिकी विचारवंत बाईंनी दोष आणि जबाबदारी यांत फरक केला, तो मला पटतो. दोष हा मागे बघून ठरतो: कायदा कुणी मोडला, शिक्षा कुणाला. तो मुकादमाचा आणि शेठचा आहेच. जबाबदारी पुढे बघते: या व्यवस्थेतून ज्यांना स्वस्त काही मिळतं, त्या प्रत्येकाने आपल्या ताकदीप्रमाणे ती बदलायची. ज्याच्या हातात जास्त, त्याच्यावर जास्त. या हिशेबाने पहिला नंबर सरकारचा. जिल्हाधिकारी दक्षता समितीचे अध्यक्ष असतात. मुक्तता दाखला देणं, केंद्रीय योजनेनुसार पुनर्वसनाचे एक ते तीन लाख रुपये मिळवून देणं, वाडीखालची जागा नावावर करणं, हे सगळं प्रशासनाच्या हातात आहे. पावसाळ्यात रोजगार हमीचं काम आणि वेळेवर मजुरी मिळाली, तर मुकादमाच्या नोटांची धार तिथेच बोथट होते. दुसरा नंबर बिल्डरचा, कारण दर तोच ठरवतो. आपला नंबर शेवटचा, पण शून्य नाही.

मग आपण काय करायचं? घर बुक करताना आपण टाईल्सचा ब्रँड विचारतो, तसं विटा कुठून येतात आणि तिथे मजुरी कशी दिली जाते हेही विचारा. दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल. गावाजवळ भट्टी असेल तर तीन गोष्टी बघा: मजुराला मधेच काम सोडून जाता येतं का, हिशेबाची वही त्याच्याकडे आहे का, मुलं शाळेत जातात का. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. फोनवर सांगितलेलं हवेत जातं, पोच राहते.

चरीच्या संपात कुळांनी आपल्या घामाचा न्याय्य वाटा मागितला होता. कासूच्या वाडीवरच्या जोडीला तो अजून मिळालेला नाही.

तुमच्या भागात उचलीला काय म्हणतात, तिचा हिशेब कसा होतो, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पुढच्या भागात मिठागरांबद्दल बोलू. तोवर, भेटत राहू.