विहार धम्मासाठी की दवाखान्यासाठी?

नामपूरला वंदनेनंतर उपासक-उपासिकांचा रक्तदाब आणि साखर तपासावी असे आम्ही सुचवले, तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्यांनी विचारले, "विहार धम्मासाठी आहे की दवाखान्यासाठी?" प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

विनयपिटकातला प्रसंग आठवा. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला धुतले, उचलून निजवले. मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा हे संघाचेच कर्तव्य ठरवले.

१९ व २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. हे भाषण आपण स्वाभिमानाचे म्हणून वाचतो, ते आहेच. पण ते आरोग्याचेही होते. चवदार तळ्याचे पाणी हा तर सार्वजनिक आरोग्याचा पहिलाच हक्क. आता दुसरी बाजू पाहा. आपल्या स्पर्शाने 'बाटलेले' तळे शुद्ध करायला सवर्णांनी १०८ घागरींतून पंचगव्य ओतले. धर्मासाठी जमलेल्या माणसांनी पिण्याच्या पाण्यात शेण-गोमूत्र कालवले! म्हणून कोणताही धार्मिक मेळावा आपोआप आरोग्य देतो, हे आम्हाला मान्य नाही.

झाडू कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न. गाडगेबाबा रात्री कीर्तन करायचे, पण त्याआधी गाव स्वतः झाडायचे. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. त्याच पंढरपुरात वारीनंतरचा मैला मात्र वर्षानुवर्षे आपल्याच समाजातल्या सफाई कामगारांनी हाताने उचलला. पुण्य एकाचे, घाण दुसऱ्याची.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी एकत्र उभे राहून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. एकट्याने सोडणे कठीण असते. समूहापुढे दिलेला शब्द आधार होतो. तो शब्द आज किती घरांत टिकला, हे विहारात बसून मोकळेपणाने बोलायची आपल्याला लाज का वाटते?

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. मोसम खोऱ्यात हेच दिवस डासांचे आणि गढूळ पाण्याचे. दिवसभर कांद्याच्या वावरात राबलेली बाई दवाखान्यात जाणार नाही, पण ग्रंथवाचनाला येते. यंदा वाचनानंतर अर्धा तास तिच्यासाठी ठेवू. आणि पहिल्या दिवशी विहारामागची पाण्याची टाकी आपणच घासू. त्यासाठी कोणाला मजुरीवर बोलावायचे नाही.