कळमन्यात मत एकीकडे, काम दुसरीकडे

नागपूरच्या पूर्वेकडचे कळमना आपल्याला माहीत आहे ते बाजारामुळे. संत्री, मिरची, धान्य, भाजीपाला, सारे इथे उतरते. पण इथल्या माणसाचे कारभारी किती? नगरपालिका 1864 ची, तिची महापालिका झाली 1951 मध्ये. तिथे आपले मत चालते. बाजार समितीच्या 18 संचालकांत हमाल-मापाड्यांचा प्रतिनिधी एकच. तिसरा कारभारी नागपूर सुधार प्रन्यास, 1936 च्या कायद्याने जन्मलेला. त्याचे विश्वस्त लोक थेट निवडत नाहीत, सभापती सरकार नेमते.

खरी अडचण अनधिकृत ले-आउटमधल्या माणसाची. शेतीच्या जमिनीवर पाडलेला प्लॉट त्याने घेतला, पै-पै जोडून घर बांधले. पण मंजुरी नाही, म्हणून रस्ता नाही, गटार नाही. 2001 चा गुंठेवारी कायदा अशा घरांना नियमित करण्यासाठी आला. चांगलेच झाले. तरी विकासशुल्काचा हिशेब, नियमितीकरणाचे पत्र आणि या टेबलावरून त्या टेबलावर जाणारी फाइल यांत ओळखीचा माणूस लागतोच. कायद्याने दिलेला हक्क मेहेरबानी होऊन हातात पडतो, आणि तिची परतफेड मतानेच करायची असते.

मोहल्ल्यातल्या बड्या मंडळींनाही हे गैरसोयीचे नाही, असे आम्हाला वाटते. कब्रस्तानच्या भिंतीवर नाव कोरता येते, समाजभवनावर पाटी लागते. गटारावर कोण पाटी लावणार? कब्रस्तानला भिंत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तेवढ्यावर पाच वर्षांचा हिशेब मिटतो, हे खटकते.

1993 मध्ये लागू झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरी कारभार लोकांच्या जवळ यावा, ही अपेक्षा होती. महाराष्ट्रात मात्र प्रभागांचाच खेळ झाला. 2002 मध्ये बहुसदस्यीय, 2007 मध्ये पुन्हा एकसदस्यीय, 2012 मध्ये दोन सदस्यांचा, 2017 मध्ये चारांचा. नागपुरात त्या वर्षी 38 प्रभागांतून 151 नगरसेवक निवडले गेले. नळाला पाणी नाही, तर चारांपैकी कोणाला धरायचे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा.

प्रन्यास बरखास्त करायचे सरकारने 2016 मध्ये तत्त्वतः ठरवले, 2021 मध्ये त्याला पुन्हा जीवदान मिळाले. दोन्ही निर्णय मुंबईत झाले. 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मत चालत होते ते एकमेव घरही बंद झाले, आणि अर्ज घेऊन माणसे आमदारांच्या कार्यालयाकडे वळली.