खुला व्यापार आणि पर्यावरण नियमन : गोव्याचे लोहखनिज

खुल्या व्यापाराने देशाचे पर्यावरण बिघडते की सुधारते, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. मागणी किती वेगाने वाढली आणि त्या वेगाने देखरेख वाढली का, हे पाहावे लागते. गोव्याचे लोहखनिज हे याचे ठळक उदाहरण. पोर्तुगीज राजवटीतील खाणपरवाने १९८७ च्या केंद्रीय कायद्याने रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. येथील खनिजात लोहांश कमी असल्याने देशी पोलाद कारखान्यांना त्याचे फारसे आकर्षण नव्हते. माल बोटीने परदेशी, पूर्वी प्रामुख्याने जपानला जाई. २००० नंतर चीनने हलक्या प्रतीची भुकटीही उचलायला सुरुवात केली आणि २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांवर गेली. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते. डिचोली, सांगे भागांत तिचे डोंगर उभे राहिले; पावसात गाळ ओहोळांवाटे भातशेतांत उतरला आणि खोल खाणींतले पाणी उपसल्याने आसपासच्या विहिरींचे पाणी खाली गेले.

नियम नव्हते असे नाही. पर्यावरणीय मंजुरी १९९४ पासून सक्तीची होती. कमी पडली ती अंमलबजावणी. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे २०१४ च्या निकालात तर खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरले. म्हणजे निर्यातीचे उच्चांकी वर्षही मुदतबाह्य पट्ट्यांवरच उभे होते!

व्यापाराने उत्पन्न वाढते आणि सुखवस्तू समाज स्वच्छ हवा-पाणी मागू लागतो, असा एक आक्षेप आहे. अर्थशास्त्रज्ञ ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये मांडलेला हा मुद्दा शहरी हवेतील सल्फर डायऑक्साइड व धूर यांच्या आकडेवारीवर आधारलेला होता. धुराडे सुधारता येते. उकरलेला डोंगर आणि गाळाने भरलेले शेत उत्पन्न वाढले म्हणून पूर्ववत होत नाही. बंदीने ट्रकवाले व बार्जमालक कर्जात बुडाले, हा दुसरा आक्षेप खराच आहे. पण तो नियमनाविरुद्धचा नसून उशिरा आलेल्या नियमनाविरुद्धचा पुरावा ठरतो. उत्खननाला वेळीच मर्यादा असती तर इतके ट्रक व बार्ज कर्जाने घेतलेच गेले नसते. वर्षाला दोन कोटी टनांची ती मर्यादा २०१४ मध्ये आली. खनिजाच्या विक्रीमूल्यातील दहा टक्के रक्कम स्थायी निधीत टाकण्याचा आदेशही त्याच निकालातला.