जॅझ : तबकडीवरचें आणि तबकडीबाहेरचें

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यापूर्वीं वीस वर्षें, म्हणजे १९०२ पासून, हिंदुस्थानांत ग्रामोफोनच्या तबकड्या निघत होत्या. तरीहि बुवांच्या गाण्याची एकहि तबकडी आज आपल्या हातीं नाहीं. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव या त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या ऐकून गुरूच्या गाण्याचें अनुमान करावयाचें, एवढेंच आपल्या हातीं राहतें. अमेरिकेंतील जॅझ संगीताच्या इतिहासाचें पहिलें पानहि असेंच कोरें आहे. तें कोरें आहे हें विसरलें कीं पुढचीं सर्व पानें चुकीचीं वाचलीं जातात, असें मला वाटतें.

मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचें न्यू ऑर्लिन्स हें बंदर फ्रेंचांनीं वसविलें, कांहीं काळ स्पॅनिशांनीं भोगलें आणि १८०३ मध्यें अमेरिकेनें विकत घेतलें. तेथील काँगो चौकांत आफ्रिकेहून आणलेले गुलाम रविवारीं जमत आणि आपल्या ढोलांवर आपले नाच नाचत. पुढें गुलामगिरी गेली. पण १८९० नंतरच्या वर्णभेदाच्या कायद्यांनीं फ्रेंच पद्धतीनें वाद्यवादन शिकलेल्या मिश्रवर्णीय कुटुंबांना काळ्या मजुरांच्या पंक्तीस आणून बसविलें. कायद्याचा हेतु क्रूर होता. परंतु स्वरलिपि वाचणारा सनईसारख्या क्लॅरिनेटचा वादक आणि केवळ कानानें वाजविणारा मजूर हे त्यामुळें एकाच बँडांत आले. प्रेतयात्रा असो कीं नाच, त्या शहरांत बँडावांचून कांहीं होत नसे. शेतांतील कष्टकऱ्यांचे ‘ब्लूज’, देवळांतील प्रार्थनागीतें आणि पियानोवरचा ‘रॅगटाइम’ हीं सर्व तेथें एकत्र आलीं.

या नव्या वादनाचा पहिला नायक बडी बोल्डन. जन्म १८७७ चा. त्याचें कॉर्नेट, म्हणजे आंखूड घाटाचें एक तुतारीवजा पितळी वाद्य, दूरवर ऐकूं जाई, असें त्याचे समकालीन सांगत. १९०७ सालीं त्याला वेडाच्या भरांत इस्पितळांत ठेवण्यांत आलें, आणि तेथेंच १९३१ मध्यें तो मेला. मागें राहिलें तें त्याच्या मंडळीचें एक छायाचित्र.

तीं मंडळी वाजवीत काय, हें आपल्या श्रोत्यांना समजावून देणें फारसें कठीण नाहीं. ब्लूजमध्यें चार-चार मात्रांचे बारा खंड मिळून एक आवर्तन होतें, आणि प्रत्येक खंडांत कोणत्या स्वरसंगतीनें साथ व्हावयाची हें ठरलेलें असतें. त्या चौकटींत वादकानें उपज करावयाची. आपल्याकडे एक गवई बढत करतो आणि इतर साथ करतात; न्यू ऑर्लिन्सच्या रीतींत कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन हीं तिन्ही एकाच वेळीं उपज करीत. कॉर्नेट चाल सांगे, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढी, ट्रॉम्बोन खालून दाद देई. आणि तरीहि गोंगाट होत नसे!

आतां तबकडीकडे येऊं. जॅझची पहिली तबकडी १९१७ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कला मुद्रित झाली, आणि ती वाजविणारे पांचहि जण गोरे होते. काळ्या वादकांच्या कलेचा पहिला छापील पुरावा दुसऱ्यांच्या नांवावर लागला. न्यू ऑर्लिन्सचा श्रेष्ठ कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर याची मंडळी मुद्रण-यंत्रापुढें उभी राहिली ती १९२३ मध्यें. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यापुढें उभें राहून वाजवावें लागे. मोठ्या ढोलाच्या ठोक्यानें सुई उडे, म्हणून ढोलवाल्या बेबी डॉड्सनें लाकडाचे ठोकळे वाजविले. ऑलिव्हरचा तरुण जोडीदार लुई आर्मस्ट्राँग याचा आवाज एवढा मोठा कीं त्याला इतरांपासून कांहीं अंतरावर मागें उभें करावें लागलें, अशी आठवण सांगतात. जुन्या जॅझचा ठेका नाजूक होता असें कोणी म्हटलें तर त्यानें या कर्ण्याची आठवण ठेवावी. जें त्या भोंकांतून जाऊं शकलें तेवढेंच आपल्यापर्यंत आलें.

१९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि मागें उभा असलेला तो तरुण सर्वांच्या पुढें आला. १९२८ सालची त्याची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही तबकडी मिळाल्यास अवश्य ऐकावी. आरंभीं साथ नाहीं. एकटा ट्रंपेट उंच चढतो आणि जिना उतरावा तसा खालीं येतो. त्या थोड्या क्षणांत जॅझ मंडळीची कला न राहतां व्यक्तीची कला झाली. मात्र तबकडी तीन मिनिटांची. त्या काळीं आपल्या ख्यालियांनाहि याच तीन मिनिटांत राग उभा करावा लागला आणि त्यांतून एक निराळी, आटोपशीर गायकी जन्मास आली. तेथें ड्यूक एलिंग्टननें हीच अडचण कला म्हणून स्वीकारली. पण १९३५ मध्यें एक रचना त्या मापांत बसेना, तेव्हां त्यानें ती दोन तबकड्यांच्या चारहि बाजू व्यापून वाजविली.

एलिंग्टनचें नांव रेडिओनें देशभर केलें. ज्या कॉटन क्लबांतून तो वाजवी तो न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तींत होता. पण शेजारच्या काळ्या रहिवाशांना आंत बसण्याची सोय नव्हती. त्यांनीं आपल्या शेजारचें संगीत रेडिओवर ऐकावें! १९३५ नंतर ‘स्विंग’ची लाट उसळली आणि बेनी गुडमन तिचा राजा ठरला. तो उत्तम वादक होता, आणि काळ्या वादकांना बरोबर घेऊन रंगमंचावर बसण्याचें धैर्य त्यानें दाखविलें. पण त्याच्या बँडाच्या गाजलेल्या रचना फ्लेचर हेंडरसन या काळ्या कलावंतानें बांधलेल्या होत्या, आणि त्याचा स्वतःचा बँड त्याच सुमारास पैशाअभावीं मोडला होता.

याच वर्षांत ही लाट मुंबईस पोंचली. ताजमहाल हॉटेलांत लिऑन ॲबे आणि टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे अमेरिकन वादक वाजवीत. चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकलेले गोमंतकीय वादक त्यांच्याकडून आणि तबकड्यांवरून ही विद्या शिकले. त्यांतील चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट पुढें सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतांत घुमला.

१९४२ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील वादकसंघानें तबकड्यांवर बहिष्कार घातला. तबकडी रेडिओवर हजारदां वाजते आणि वादकाला कांहींच मिळत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. मोठ्या कंपन्यांशीं तडजोड होण्यास १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या त्याच काळांत हार्लेमच्या मिंटन्स क्लबांत मध्यरात्रीनंतर चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक आदि मंडळी स्वरसंगति गुंतागुंतीच्या करीत होती. लय इतकी द्रुत कीं पाय थिरकेनात, कानच टवकारावे लागत. बाहेरच्या श्रोत्यांनीं ही वाढ ऐकलीच नाहीं. १९४५ मध्यें पार्करची ‘को-को’ ऐकतांना ‘बीबॉप’ आकाशांतून पडला असें त्यांना वाटलें. पार्कर अवघ्या ३४ व्या वर्षीं, १९५५ मध्यें गेला.

१९४८ मध्यें लांब तबकडी आली आणि तीन मिनिटांची बेडी तुटली. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्यें माइल्स डेव्हिसनें स्वरसंगतींची गर्दी काढून टाकली; एकेका स्वरपंक्तीवर वादक निवांत रेंगाळूं लागला. आपल्या कानाला येथें ओळखीचें वाटतें. त्याचा साथीदार जॉन कोल्ट्रेन पुढें आपल्या संगीताकडे वळला आणि १९६५ मध्यें जन्मलेल्या मुलाचें नांव त्यानें रविशंकरांवरून रवि ठेविलें. ऑर्नेट कोलमननें १९६० मध्यें चौकटच सोडली आणि आठ जणांना घेऊन सदतीस मिनिटें अखंड वाजविलें. १९६९ मध्यें माइल्सनें विजेचीं वाद्यें घेतलीं, आणि ध्वनिफीत कात्रीनें कापून-जोडून रचना सिद्ध झाली. एके काळीं ढोलाला हद्दपार करणारें यंत्र आतां वादकांच्या पंक्तींत येऊन बसलें होतें.

बोल्डनच्या मंडळीनें १९०० पूर्वीं एक मेणाचा सिलिंडर मुद्रित केला होता, असें त्याचा एक साथीदार म्हातारपणीं सांगत असे. संशोधकांनीं माळे धुंडाळले, जुन्या बाजारांत चौकशा केल्या. तो सिलिंडर अद्याप सांपडलेला नाहीं.